वाऱ्याचा हिशेब

आमच्या शाळकरी वयात भूगोलाच्या पेपरात हमखास येणारा एक प्रश्न होता : खारे वारे आणि मतलई वारे यांतील फरक स्पष्ट करा. गुण दोन. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, ते मतलई वारे. वर्गातली निम्मी मुले 'मतलई'चे 'मतलबी' करीत आणि मास्तर त्यावर लाल रेघ ओढीत. पुढे बँकेतल्या नोकरीत मतलबी वारे पुष्कळ पाहिले, ते सोडा. पण या दोन गुणांच्या उत्तराचा खरा अर्थ मला वयाची साठी ओलांडल्यावर, समुद्राकाठी धावताना कळला.

मी राहतो चिखलोलीला. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधोमध. इथून समुद्र दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही. एका अंगाला मलंगगडाची आणि तावलीची डोंगररांग, दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत. वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे, हे कळायला आम्हाला झाडाची पाने पाहावी लागत नाहीत. खिडकी उघडली की नाकच सांगते. अशा गावातली पंधरा-वीस माणसे रोज पहाटे वसाहतीच्या रिकाम्या रस्त्यांवर आणि चिखलोली धरणाच्या बाजूला धावतात. रात्रपाळी संपवून आलेला एखादा फिटर, शाळेत शिकवणाऱ्या दोन बाई, औषधांच्या दुकानात काम करणारा मुलगा आणि त्यांच्या शेपटाला मी. जानेवारी जवळ आला की साऱ्यांच्या तोंडी एकच विषय असतो, तो म्हणजे मुंबईची मॅरेथॉन.

ही मॅरेथॉन २००४ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा झाली. तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली होती. एरवी लोकल पकडण्यापलीकडे न धावणारी मुंबई बेचाळीस किलोमीटर कशाला धावेल, असा सूर होता. मुंबई धावली आणि तेव्हापासून धावतेच आहे. मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. आमच्या मध्य रेल्वेच्या भाषेत सांगायचे तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून निघून जवळजवळ दिव्यापर्यंत. मार्गाचा मोठा भाग समुद्राच्या सोबतीने जातो. मरीन ड्राइव्ह, हाजी अली, वरळी आणि २००९ मध्ये वाहतुकीसाठी खुला झाल्यानंतर या मार्गात सामील झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू. सेतूवर दोन्ही बाजूंना पाणी, डोक्यावर आभाळ आणि आडोसा कसलाच नाही. बसमधून जाताना ज्या वाऱ्याने मन प्रसन्न होते, तोच वारा पायी जाणाऱ्याकडून वसुली करतो.

या वसुलीबद्दल मला आज लिहायचे आहे. कारण धावणाऱ्यांच्या गप्पांतून ती हल्ली पार हद्दपार झाली आहे. उरले आहे ते फक्त 'टायमिंग'. अमक्याचे टायमिंग किती? दोन तास सहा. तमक्याचे? एक अठ्ठावन्न. मनगटावरची घड्याळे आता किलोमीटरागणिक निकाल सांगतात. मोठ्या शर्यतीत प्रवेश हवा तर आधीच्या शर्यतीच्या टायमिंगचा दाखला लागतो. घरी आल्यावर बायको-मुले तेच विचारतात, सोसायटीच्या फलकावर तेच लिहिले जाते. धावताना वारा कसा होता, हे कोणी विचारीत नाही.

थोडे गणित करू या. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला त्याशिवाय करमत नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे पदार्थविज्ञानातले साधे सूत्र आहे. समजा, वारा पूर्ण पडलेला आहे आणि तुम्ही ताशी १० किलोमीटर वेगाने धावता आहात. हवेचा जो अडथळा होईल त्याला एक भाग म्हणू. आता समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा सुटला. तुमच्या छातीला तो २० चा लागतो. वेग दुप्पट, म्हणून अडथळा चौपट. एकाचे झाले चार. तुम्ही अर्ध्या वाटेवरून मागे वळलात. आता तोच वारा पाठीमागून, तुमच्याच वेगाने येतो आहे. अडथळा शून्य. म्हणजे जाताना तीन भाग जास्त मोजले आणि येताना एकच भाग वाचला. वारा जाता-येता सारखाच होता, पण हिशेब बरोबरीत सुटला नाही. कर्जावरचे व्याज आणि ठेवीवरचे व्याज यांतला फरक ज्यांनी भोगला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

हे सूत्र मी पुस्तकात वाचले होतेच. मग ते पायांनी तपासले. त्रेसष्टाव्या वर्षी कोकण किनाऱ्यावरच्या एका लहानशा शर्यतीत मी अर्धी मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटर धावलो. जून संपत आला होता. रस्ता किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे जाणारा आणि तिथून त्याच वाटेने परत. नैर्ऋत्येचा वारा ताशी तीसच्या घरात. सुरूची झाडे एका अंगाला कलली होती, रस्त्यावर वाळूचे पट्टे सरकत होते आणि ओठांवर मीठ जमत होते. टोपी पहिल्याच किलोमीटरला हातात घ्यावी लागली. सपाट रस्त्यावर वारा नसेल तर अर्धे अंतर मी साधारण एक तास वीस मिनिटांत कापतो. त्या दिवशी जाताना एक तास सदतीस मिनिटे लागली. परतताना वारा पाठीशी होता, तेव्हा एक तास पंधरा. वाऱ्याने घेतली सतरा मिनिटे आणि परत केली पाच.

पण त्या शर्यतीतली माझ्या लक्षात राहिलेली गोष्ट मिनिटांची नाही. चौथ्या किलोमीटरच्या पुढे माझ्यासमोर निळ्या बनियनमधला एक तरुण होता. वांगणीचा, हे नंतर कळले. मी नकळत त्याच्या पाठीमागे गेलो आणि एकदम कानांतला घोंगाट कमी झाला. दाराआड उभे राहावे तसे वाटले. थोड्या वेळाने त्याने मागे वळून पाहिले, काही बोलला नाही, फक्त बाजूला सरकला. त्याचा अर्थ मला उमगला. मी पुढे झालो आणि तो माझ्या मागे आला. पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत मी, त्याच्या पुढच्या खांबापर्यंत तो. वाटेत पन्नाशीच्या एक बाई आम्हाला येऊन मिळाल्या. त्यांना आम्ही दोघांनी मध्ये घेतले, तर त्याही आपली पाळी आल्यावर न सांगता पुढे गेल्या. सहा-सात किलोमीटर आम्ही तिघे असे धावलो. एकमेकांची नावेही विचारली नव्हती.

या आडोशाचे शास्त्रीय मोजमाप झालेले आहे. ग्रिफिथ प्यू हे ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ १९५३ च्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेत होते. गिर्यारोहकांनी किती पाणी प्यावे, प्राणवायू किती घ्यावा, हे ठरवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. याच प्यूंनी पुढे वाऱ्याच्या बोगद्यात माणसे पळवून पाहिली आणि १९७१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुसऱ्याच्या पाठीमागे एखाद्या मीटरवर धावले तर हवेशी झगडण्यात खर्च होणाऱ्या शक्तीपैकी सुमारे ८० टक्के वाचते, असे त्यांना आढळले. सायकलस्वारांना हे पूर्वीपासून ठाऊक होते. आकाशात बगळ्यांची माळ जाते, तीही काही उगाच तशी जात नाही. पण यातला गुंतागुंतीचा भाग प्रयोगशाळेत मोजता येत नाही. मागच्याचे ८० टक्के वाचतात, कारण पुढचा पूर्ण किंमत मोजत असतो. निकालपत्रकावर मात्र दोघांची वेळ शेजारीशेजारी छापली जाते. झाला तर मागचाच एक सेकंदाने पुढे असतो. शेवटच्या शंभर मीटरपर्यंत त्याने ताकद राखून ठेवलेली असते ना!

जगातल्या एका जुन्या आणि मानाच्या मॅरेथॉनमध्ये वाऱ्याचे हे दोन्ही चेहरे अवघ्या सात वर्षांच्या अंतराने दिसले. बॉस्टनची शर्यत हॉपकिंटन या गावी सुरू होते आणि पूर्वेकडे, अटलांटिक महासागराच्या काठच्या बॉस्टन शहरात संपते. परतीचा मार्गच नाही. म्हणून त्या दिवशी वारा ज्या बाजूचा, त्या बाजूचा शेवटपर्यंत. १८ एप्रिल २०११ रोजी तो पाठीशी होता. केनियाच्या जेफ्री मुताईने २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत शर्यत जिंकली. तोपर्यंतच्या विश्वविक्रमापेक्षा ही वेळ जवळजवळ मिनिटभराने कमी होती. तरीही तो विश्वविक्रम मानला गेला नाही. नियम असा की, सुरुवात आणि शेवट यांच्यातले सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नसावे आणि उतारही ठरावीक मर्यादेतच असावा. कारण उघड आहे. सबंध वाटभर पाठीशी वारा घेऊन केलेला विक्रम कोणाचा म्हणायचा, माणसाचा की वाऱ्याचा?

१६ एप्रिल २०१८ रोजी त्याच रस्त्यावर समुद्राकडून समोरून वारा आला. सोबत गोठवणारा पाऊस. नामवंत धावपटू एकामागून एक शर्यत सोडून गेले. पुरुषांत जिंकला जपानचा युकी कावाउची. हा गृहस्थ तेव्हा पूर्णवेळ धावपटू नव्हता. सायतामा प्रांताच्या सरकारी नोकरीत, एका शाळेच्या कार्यालयात तो काम करीत असे आणि कामाच्या वेळा सांभाळून सराव करीत असे. एका कारकुनाने बॉस्टन जिंकली, हे वाचून माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्याला झालेला आनंद मी लपवणार नाही. त्याची वेळ होती २ तास १५ मिनिटे ५८ सेकंद. १९७६ नंतर इतक्या सावकाश वेळेत तिथे कोणी पुरुष जिंकला नव्हता. रस्ता तोच आणि दोन विजेत्यांच्या वेळांत तेरा मिनिटांचा फरक. मुताई मोठा की कावाउची, याचे उत्तर नुसत्या आकड्यांकडे पाहून द्यायचे तर कावाउचीला दारातही उभे करायला नको.

त्याच दिवशी स्त्रियांच्या शर्यतीत जे घडले, ते मला अधिक मोलाचे वाटते. अमेरिकेच्या डेझिरी लिंडनला सुरुवातीच्या टप्प्यात वाटत होते की आज आपल्याने ही शर्यत पुरी होणार नाही. तिने शेजारी धावणाऱ्या शॅलेन फ्लॅनगनला सांगितले की, मी बहुधा सोडून देईन, तोवर तुला माझी काही मदत होत असेल तर सांग. फ्लॅनगनला वाटेत स्वच्छतागृहात जावे लागले, तेव्हा लिंडन वेग कमी करून तिच्यासाठी थांबली आणि तिला पुन्हा घोळक्यापर्यंत घेऊन आली. पुढे मॉली हडल मागे पडली, तेव्हा तिच्या पुढे राहून लिंडनने वारा अंगावर घेतला. हे सारे करता करता तिच्या लक्षात आले की आपण अजून आघाडीच्या जवळच आहोत. आणि ती जिंकली. १९८५ नंतर बॉस्टनमध्ये पहिली आलेली ती पहिली अमेरिकन स्त्री. कादंबरीत मी असा प्रसंग लिहिला असता तर संपादकांनी 'फार गोड झाले आहे' असा शेरा मारून तो परत पाठवला असता.

आपल्याकडचेही एक उदाहरण सांगतो. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावलेले फडेप्पा चौगुले आपल्या बेळगावचे. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटांच्या मनात ऑलिंपिकला भारतीय चमू पाठवण्याची कल्पना आली. त्या चमूत चौगुले होते. निकालपत्रकात त्यांच्यापुढे क्रमांक एकोणीस आणि वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद एवढेच आहे. त्या वर्षीची शर्यत आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून थोडी अधिक लांब, जवळजवळ पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती, हे त्या ओळीत नाही. बोटीचा लांबचा प्रवास, परका मुलुख, परके हवामान यांतले तर काहीच नाही. आजचा एखादा हौशी धावपटू 'माझी वेळ त्यांच्या जवळपास आहे' असे म्हणू शकेल आणि आकड्यांच्या दृष्टीने ते खोटेही ठरणार नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. वारा काय सर्वांनाच सारखा असतो, मग त्याची तक्रार कशाला? हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण तो खरा नाही. घोळक्याच्या मध्ये धावणाऱ्याला आणि एकट्याला एकच वारा लागत नाही. लवकर पोचणाऱ्याला आणि उशिरा पोचणाऱ्याला तर मुळीच लागत नाही. मुंबईत जानेवारीच्या पहाटे मतलई वारा असतो. जमिनीवरून येणारा, थंड आणि बहुधा सौम्य. वेगवान मंडळी या वाऱ्यातच आपली शर्यत आटोपून घरी जातात. मागे राहतात ते सहा-सात तास रस्त्यावर असणारे लोक. त्यांच्या वाट्याला चढलेले ऊन येते, पडलेल्या वाऱ्याची काहिली येते आणि दुपारकडे दिशा बदलून आलेला खारा वाराही येतो. पेडर रोडचा चढ त्यांना अशा वेळी लागतो. जो मुळातच दुबळा, त्याचीच वाट अधिक अवघड होते. सगळ्यांना एकच रस्ता दिला म्हणजे न्याय झाला, असे मानणाऱ्यांनी एकदा अकरा वाजता मरीन ड्राइव्हवर उभे राहून शेवटच्या माणसांचे चेहरे पाहावेत.

मला हे शर्यतीपुरते वाटत नाही, म्हणून तर हा लेखनप्रपंच. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीने बदलापूरपासून कल्याणपर्यंत काय केले, ते इकडच्या जुन्या रहिवाशांना आठवत असेल. माझ्या शाखेचा एक कर्जदार लेथवर सुटे भाग बनवीत असे. त्याची यंत्रे गाळात गेली. त्याचे तीन हप्ते चुकले. मग त्याने ते व्याजासह भरले आणि पुढे एकही चुकवला नाही. काही वर्षांनी त्याने वाढीव कर्ज मागितले, तेव्हा वरच्या कार्यालयातून आलेल्या कागदावर शेरा होता : 'पूर्वी तीन हप्ते थकीत.' आकडा बरोबर होता. मी समासात एवढेच लिहिले की, थकलेल्या हप्त्यांच्या तारखा कृपया पाहाव्यात. कर्ज मंजूर झाले, पण उशिराने. ज्यांच्या खात्यावर समासात लिहिणारे कोणी नव्हते, त्यांचे काय झाले असेल?

दहावीचे निकाल लागतात तेव्हाही हेच होते. एका मुलाच्या ९१ टक्क्यांमागे स्वतंत्र खोली, शिकवणी आणि वेळेवर चहा असतो. दुसऱ्याच्या ७४ टक्क्यांमागे दहा बाय दहाची खोली, पाळीवरून येणारा बाप आणि दुखणाईत आजी असते. एकाच्या पाठीशी वारा, दुसऱ्याच्या छातीवर. आपण पेढे वाटताना दोघांच्या टक्क्यांची वजाबाकी करतो आणि सतरा टक्के अंतर आहे असे सांगून मोकळे होतो. टक्क्यांना अर्थ नाही असे मी म्हणत नाही. आकड्यांवर चाळीस वर्षे पोट भरलेला माणूस तसे म्हणूच शकत नाही. माझे म्हणणे एवढेच की, आकड्याशेजारी दुसरा एक आकडा हवा. धावपटूंच्या जगात हे अन्यत्र मान्यही झालेले आहे. शंभर मीटरच्या शर्यतीत पाठीमागचा वारा सेकंदाला दोन मीटरहून अधिक असेल तर विक्रम धरत नाहीत, आणि निकालात वेळेसोबत वाऱ्याचा वेग छापतात. दहा सेकंदांच्या शर्यतीसाठी जे अगत्याने केले जाते, ते पाच तासांच्या शर्यतीसाठी का नाही?

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. समुद्राकाठच्या मॅरेथॉनच्या प्रमाणपत्रावर धावणाऱ्याच्या वेळेखाली त्या सकाळच्या वाऱ्याची दिशा आणि वेग छापावा, तासातासाने. याला फार खर्च नाही. मुंबईत हवामान खात्याचे एक केंद्र कुलाब्याला आहे, मॅरेथॉन सुरू होते तिथून फारसे लांब नाही. वाऱ्याच्या नोंदी तिथे रोज होतात. कोकणात, वसईत, गोव्यात जिथे जिथे समुद्राच्या कडेने धावतात, तिथल्या संयोजकांनाही हे करता येईल. यामुळे कोणाचे टायमिंग सुधारणार नाही. पण बेचाळीस किलोमीटर वाऱ्याशी झगडून आलेल्या माणसाच्या हातात त्याच्या झगड्याचा लेखी पुरावा पडेल.

संयोजक हे करतील तेव्हा करतील. घरच्यांना मात्र त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. येत्या जानेवारीत तुमच्या घरातले कोणी पहाटेची पहिली गाडी पकडून मुंबईला धावायला जाईल आणि दुपारी लंगडत परत येईल. त्याला आधी बसू द्या, पाणी द्या, गरम पोहे द्या. त्याच्या शर्टावर वाळलेल्या मिठाचे पांढरे ओघळ दिसतील, ते पाहा. मग विचारा, वारा कसा होता? कोणाच्या आडोशाने धावलास? तुझ्या आडोशाला कोण होते? या तीन प्रश्नांची उत्तरे ऐकून झाल्यावर टायमिंगही जरूर विचारा. तोपर्यंत तो आकडा काय सांगतो आहे, ते तुम्हाला नीट कळू लागलेले असेल.